शंभर टक्क्यांची बस

थॅडियस पेटिग्रूच्या बसवर त्याच्याच मुलीचा, झाकियाचा चेहरा होता. चेहरा म्हणजे केवढा, तर पुढच्या दारामागे सुरू होऊन थेट मागच्या चाकापर्यंत. डोळ्यांवर प्रयोगशाळेतला जाड चष्मा, हातात काचेची नळी आणि तोंडभर हसू. त्या हसण्याखाली निळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : 'समिट क्रेस्ट अकादमी. आमची शंभर टक्के मुलं कॉलेजला. दरवर्षी.' मेम्फिसच्या डेपोत एवढ्या गाड्या, त्यातली नेमकी हीच लामार अव्हेन्यूच्या रूटवर त्याच्या हाती यावी, हा खरं तर निव्वळ योगायोग. पण थॅडियस योगायोग मानणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या मते हे काम देवाने स्वतः डेपो मॅनेजरच्या कानात सांगून करवून घेतलं होतं.

सकाळी गाडी काढण्याआधी ड्रायव्हरने टायर, दिवे, आरसे तपासायचे असतात. थॅडियस ते तपासायचाच, पण सगळ्यात शेवटी खिशातला रुमाल काढून झाकियाचं नाक पुसायचा. तिचं नाक नेमकं चाकाच्या वर आलं होतं आणि त्यावर चिखल फार उडायचा. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. "पोरीला सर्दी झालीय का रे?" असं विचारायचे. हसू देत बापडे. त्यांच्या मुली कुठल्या बसवर होत्या?

आणखी एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. ती म्हणजे वेळ. स्टीअरिंगच्या उजव्या हाताला छोटा पडदा असतो. गाडी वेळेवर असली की हिरवा, रेंगाळली की पिवळा, उशीर झाला की लाल. थॅडियसच्या पडद्याला लाल रंग येतो हे तो जवळजवळ विसरूनच गेला होता. त्यापायी डेपोच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला होता, आणि तो तिथून हलायचं नाव घेत नव्हता. आता कधी कोणी पिशव्या सावरत धापा टाकत धावत यायचं आणि निघायची वेळ झालेली असायची. मग तो आरशात बघायचा आणि दार लावायचा. "मागची येतेय की," असं स्वतःशीच पुटपुटायचा. माणूस वाईट नव्हता. वेळेचा पक्का होता इतकंच.

त्या शाळेत झाकियाचा नंबर लागला तो सोडतीत. जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, म्हणून शाळेच्या जिममध्ये सगळ्या आईबापांना बसवून यंत्रातून आकड्यांचे चेंडू उडवले होते. झाकियाचा आकडा निघाला तेव्हा त्याच्या बायकोने, रेनिटाने, चर्चमध्येही कधी ठोकली नव्हती अशी आरोळी ठोकली. शेजारच्या खुर्चीतली बाई मात्र मुलाचा हात धरून मुकाट्याने उठून गेली. थॅडियसला तिच्याकडे बघवलं नाही. पण आनंदच इतका होता की ती बाई त्याच्या डोक्यात पार्किंगपर्यंतही टिकली नाही.

तेव्हापासून तो त्या शाळेचा बिनपगारी प्रचारकच झाला. पोर कडेवर घेऊन कोणी बाई बसमध्ये चढली की याची टकळी सुरू. "अर्ज भरून ठेवा, मॅम. शंभर टक्के! एकसुद्धा मूल मागे राहत नाही. ही बाहेर हसतेय ना, ती माझी मुलगी." बायका उतरताना वाकून फोटो बघायच्या. काहींनी अर्ज भरलेही.

झाकिया बारावीत गेली आणि जानेवारीत शाळेतून बोलावणं आलं. दुपारच्या ड्युटीआधी थोडा वेळ होता, म्हणून तो डेपोचा गणवेश घालूनच गेला. व्हरांड्यात छतापासून कॉलेजांचे झेंडे लटकत होते. मुलं जमिनीवरच्या रेघेवरून, तोंडाला कुलूप लावल्यासारखी एकामागून एक चालली होती. त्या शाळेत मुलांना मुलं म्हणत नाहीत, स्कॉलर म्हणतात. थॅडियसला ते फार आवडायचं. त्याच्या शाळेत त्याला जे जे म्हणायचे त्यातलं काहीही चर्चमध्ये सांगण्याजोगं नव्हतं.

बारावीच्या मुलांचं पुढचं बघणारी मिस हॅलोरन त्याच्या मुलीपेक्षा फार मोठी वाटत नव्हती. तिने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"झाकिया आमची फार लाडकी स्कॉलर आहे, मिस्टर पेटिग्रू."

"थँक यू, मॅम."

"तिचा स्वभाव, तिचं हसणं... सगळ्या शाळेचं वातावरण बदलतं तिच्यामुळे. फक्त गणित."

"हं, गणित," थॅडियसने मान हलवली. त्याचंही गणिताशी कधी जमलं नव्हतं.

"दुसऱ्यांदा राहिलंय. आमच्याकडे ते पास झाल्याशिवाय बारावी पूर्ण होत नाही. आणि एकाही कॉलेजकडून तिला अजून होकार नाही. म्हणजे मे महिन्यात ती बाकीच्यांबरोबर नसेल. तिला आणखी एक वर्ष लागेल."

"आणखी एक वर्ष?"

"इथे राहिली तर. पण ईस्टलँड हायस्कूलमध्ये नियम वेगळे आहेत. तिकडे ती मे महिन्यात वेळेवर पास होऊ शकेल."

वेळेवर! सगळ्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द थॅडियसच्या ओळखीचा होता. तो त्याने घट्ट धरून ठेवला.

"म्हणजे तुम्ही तिला काढताय का?" त्याने विचारलं.

मिस हॅलोरनने छातीवर हात ठेवला. "छे, छे! आम्ही कधीच कोणाला काढत नाही. एकाही स्कॉलरला काढलेलं नाही आम्ही. हा निर्णय नेहमी कुटुंबाचा असतो."

"आमचा?"

"तुमचाच."

"मग आम्ही काय ठरवलंय?"

"ते तुम्ही सांगायचं, मिस्टर पेटिग्रू."

थॅडियस गोंधळला. समोरची बाई इतकी गोड बोलत होती की हिच्यावर शंका घ्यायची म्हणजे आपल्यालाच लाज वाटावी. "तुमच्या घरची असती तर तुम्ही काय केलं असतं?" त्याने विचारून पाहिलं.

"ते मी सांगणं बरोबर नाही. पण शुक्रवारच्या आत झालं तर तिला तिकडे सगळं सोपं जाईल."

"शुक्रवारी काय आहे?"

"शुक्रवारी बारावीचा पट पक्का होतो," ती म्हणाली, आणि घड्याळाकडे बघून हसली.

थॅडियसनेही घड्याळ पाहिलं. डेपोत हजर व्हायची वेळ जवळ आली होती. एक वर्ष उशीर म्हणजे किती उशीर, याचा तो विचार करू लागला. पाच मिनिटं उशीर झाला तर पडदा लाल होतो. वर्षभर उशीर झालेल्या मुलीचं काय होत असेल? मिस हॅलोरनने पुढे सरकवलेल्या शाळा सोडण्याच्या अर्जावर त्याने सही केली. पेन शाळेचंच होतं आणि त्याच्यावरही 'शंभर टक्के' छापलेलं होतं. गाडी मात्र त्याने त्या दिवशीही वेळेवर काढली.

संध्याकाळी रेनिटाने मासे तळले होते. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि घरी आली की आधी स्वयंपाकाला भिडायची, मग बूट काढायची. थॅडियसने कॉर्नब्रेडचा तुकडा मोडता मोडता बातमी सांगितली. त्याला वाटलं होतं, मुलीचा जीव भांड्यात पडेल.

झाकियाने काटा खाली ठेवला. "तू सही केलीस?"

"तुझ्या भल्यासाठी, बाळा. तिकडे तू वेळेवर..."

"मला कोणी विचारलं?"

"तू वर्गात होतीस."

"वर्गात होती!" रेनिटा झारा हातात घेऊनच वळली. "शाळेतली मुलगी वर्गातच असणार, थॅडियस पेटिग्रू. तुझ्या बसच्या मागच्या सीटवर असणार का? आणि मला फोन करायला तुझी बोटं झडली होती?"

"तू ड्युटीवर होतीस."

"चादरी धूत होते मी. राष्ट्राध्यक्षांशी बोलणी नव्हते करत." तिने झारा कढईत टाकला. "हिला काढलं त्यांनी?"

"नाही. ते कोणालाच काढत नाहीत."

"मग ही जातेय कशी?"

"आपणच काढलं. म्हणजे... कुटुंबाचा निर्णय आहे."

"कुठल्या कुटुंबाचा? या टेबलावर बसलेल्या कुटुंबातल्या दोघींना तर आत्ता कळतंय!"

थॅडियसने कॉर्नब्रेडचा आणखी एक तुकडा मोडला. दुपारी त्या खोलीत सगळं कसं सरळ वाटत होतं, आणि इथे तळलेल्या माशांच्या वासात त्यातलं एक वाक्य धड उभं राहीना. झाकिया उठून तिच्या खोलीत गेली. तिथल्या आरशासमोर ती नववीपासून एक तालीम करत आली होती, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. समिट क्रेस्टमध्ये एप्रिलात एक मोठा कार्यक्रम असतो. बारावीचा एकेक जण गळ्यापर्यंत बंद जॅकेट घालून स्टेजवर येतो, ढोल थांबतो, आणि तो झर्रकन चेन उघडून आतला कॉलेजचा शर्ट दाखवतो. सगळी शाळा बाकांवर उभी राहून ओरडते. झाकियाने तीन वर्षं त्या बाकांवर घसा बसवला होता. आता तिच्यासाठी सगळ्यांनी ओरडायची पाळी आली आणि बापाने सही केली. त्या संध्याकाळी तिच्या खोलीतून चेनचा आवाज आला नाही.

सोमवारपासून ती ईस्टलँडला जाऊ लागली. ती शाळा नेमकी थॅडियसच्याच रूटवर होती. त्याला वाटलं, चला, निदान रोज सकाळी मुलगी आपल्या गाडीत बसेल. पण झाकिया म्हणाली, "माझा तास उशिरा असतो. मी मागच्या बसने जाईन." सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला बापाच्या बसची लाज वाटणारच, असं समजून त्याने विषय सोडला.

रविवारी चर्चमध्ये मात्र पंचाईत व्हायची. "काल तुझी बस पाहिली गं पोरी, काय छान हसतेस! कुठल्या कॉलेजात?" म्हाताऱ्या बायका तिचे गाल धरायच्या. "अजून ठरलं नाही, मॅम," झाकिया म्हणायची. थॅडियस तेवढ्या वेळात प्रार्थनेच्या पुस्तकात काहीतरी शोधत राहायचा.

एका दुपारी बस जवळजवळ रिकामी होती. पुढच्या सीटवर मार्किटा बसली होती. त्यांच्याच गल्लीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी समिट क्रेस्टमधून बाहेर पडलेली, आता विमानतळाजवळ पार्सलच्या गोदामात कामाला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट होतं. थॅडियसने सिग्नलला गाडी थांबवली आणि न राहवून विचारलं, "काय गं, तू पण त्या शंभर टक्क्यांतली ना?"

"अलबत! व्हरांड्यात माझा फोटो आहे अजून. नॅशव्हिलच्या कॉलेजचा शर्ट घातलेला."

"मग कॉलेज?"

"एक सेमिस्टर झालं, मिस्टर थॅड. पुढचं नाही झेपलं. आले परत."

"मग तू त्या शंभरातून वजा झालीस?"

"छे! होकार आला की झालं. पुढे कोण गेलं, कोण परत आलं, ते कोण मोजतंय?"

सिग्नल हिरवा झाला. थॅडियसने गाडी सोडली, पण डोकं तिथेच राहिलं. "आणि तुमच्या वर्गातले सगळे गेले?"

"स्टेजवर होतो ते सगळे." मार्किटा हसली. "नववीत आम्ही जिम भरून होतो. बारावीत एका कोपऱ्यात मावलो."

"बाकीचे कुठे गेले?"

"कुटुंबाचा निर्णय," मार्किटा मिस हॅलोरनसारखा छातीवर हात ठेवून म्हणाली आणि मोठ्याने हसली. मग तिला झाकियाची आठवण झाली असावी. "सॉरी, मिस्टर थॅड."

"म्हणजे ते खोटं लिहितात?"

"खोटं कुठंय? मी गेले होते की."

ती उतरून गेल्यावर थॅडियस शेवटच्या स्टॉपपर्यंत त्याच विचारात होता. शेवटच्या स्टॉपला गाडीत जे कोणी उरतं, ते सगळं शेवटच्या स्टॉपला पोचतंच. शंभर टक्के. दरवर्षी. मधे उतरलेले, पोचलेच नाहीत असे, दार लावल्यावर रस्त्यावर राहिलेले, हे कशातच नाहीत. त्याने हे मनात दोनदा फिरवून बघितलं. त्यात खोटं काय ते त्याला सापडेना, आणि खरं आहे असं म्हणवेना. समोरचा पडदा हिरवागार होता. त्याच्याकडेही त्याला पहिल्यांदाच बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने मिस हॅलोरनला फोन लावला. झाकियाला परत घ्या, एक वर्ष लागलं तरी चालेल, असं त्याने एका दमात सांगून टाकलं.

"ओह, मिस्टर पेटिग्रू," तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच थॅडियसला जास्त छळत होतं. "बारावीत आम्ही नवीन स्कॉलर घेत नाही."

"नवीन? नववीपासून तुमच्याकडे होती ती!"

"हो, पण आता ती पटावर नाही. पट त्या शुक्रवारीच पक्का झाला."

"मग तिचा फोटो तरी उतरवा माझ्या बसवरून."

"जाहिरातीचा करार उन्हाळ्यापर्यंत आहे. आणि खरं सांगू? झाकिया आमच्या कुटुंबातलीच आहे. नेहमीच राहील."

फोन ठेवून थॅडियस डेपोच्या बाकावर बसून राहिला. ती आमच्या कुटुंबातली, आणि निर्णय तुमच्या कुटुंबाचा. फोटो त्यांचा, मुलगी आपली. कोणी तिला काढलं नाही आणि ती तिथे नाही. भांडायचं तर कोणाशी? शिवी द्यायची तर कोणाला? सही तर त्याचीच होती. त्याला स्वतःचा भयंकर राग आला, आणि तोही नीट येईना, कारण आपण नेमकं काय केलं हेच त्याला धड सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये एका गार सकाळी घराजवळच्या स्टॉपवरून गाडी काढताना आरशात त्याला काहीतरी जांभळं हललेलं दिसलं. स्टॉपच्या शेडमागे कोणीतरी सरकलं होतं. झाकियाचं दप्तर जांभळं होतं. पण तिचा तर तास उशिरा असतो. घड्याळ बघून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम लक्ष ठेवलं. गाडी वळणावर दिसताच झाकिया शेडमागे गेली. त्याने गाडी लावली, माणसं चढली, निघायची वेळ झाली. थॅडियसने दार लावलं नाही.

"झाकिया," त्याने हाक मारली. "अगं, दिसतेस मला. ये बाहेर."

ती आली. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

"चढ."

"तू जा ना, डॅडी. मी मागच्या बसने येते."

"ही का नको?"

झाकियाने त्याच्याकडे न बघता गाडीकडे बघितलं. फूटपाथच्या बाजूलाच तो चेहरा होता, तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. "या बसमधले सगळे कॉलेजला जातात," ती म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. गाडीवरच्या हसण्याशी तो काही जुळला नाही.

"तास खरंच उशिरा असतो तुझा?"

तिने मान हलवली. नाही.

"मग पहिला तास?"

"बुडतो. रोज नाही. बहुतेक."

"कसला असतो पहिला तास?"

"गणिताचा."

 वेळेवर पास व्हावी म्हणून थॅडियसने सही केली, आणि ती त्याच्याच गाडीला चुकवण्यापायी रोज उशिरा पोचत होती. मेमध्ये तिकडेही ती राहणार. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ मिस्टर, कामावर जायचंय आम्हाला!" पडदा पिवळा झाला. थॅडियसने हँडब्रेक ओढला आणि तो खाली उतरला. प्रवासी घेऊन उभ्या असलेल्या गाडीतून तो आजवर कधी उतरला नव्हता.

"बाळा, चुकलं का गं माझं?"

"मला एक वर्ष उशीर चालला असता, डॅडी," झाकिया म्हणाली.  "मला तिथेच राहायचं होतं. एवढंच विचारायचं होतंस तू."

गाडीतून टुंक टुंक असा आवाज यायला लागला. उशीर झाला की पडदा वाजतो हेसुद्धा थॅडियस विसरला होता. झाकियाने उघड्या दारातून आत पाहिलं. "लाल झालाय."

"होऊ दे."

"डेपोतला फोटो काढतील तुझा."

"काढू देत. बरंच होईल." त्याला आणखी बरंच बोलायचं होतं. शाळेबद्दल, पटाबद्दल, सोडतीतून मुकाट्याने उठून गेलेल्या त्या बाईबद्दल, जी आज अचानक आठवली होती. पण एकाला एक लागेना. "मला यातलं काही कळत नाही, पोरी. देवाशपथ नाही कळत. पण तू चढल्याशिवाय ही गाडी हलणार नाही. आज नाही, उद्या नाही."

झाकियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. तिने तो घेतला, बघितला आणि तोंड वाकडं केलं. "शी! चिखल आहे याला."

"तुझ्याच नाकावरचा आहे तो."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती खुदकन हसली, आणि रुमाल तसाच मळका नाकाला लावून दाराच्या दिशेने एक पाऊल पुढे आली. आत लोक ओरडत होते, पडदा लाल होऊन वाजत होता, आणि थॅडियस दार धरून उभा होता.